पलंगाचं टेबल

दुसऱ्यानं केलेलं काम मापायचं आणि ते बरोबर आहे की चूक ते सांगायचं, याचा मला पगार मिळतो. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात मी कंत्राटावर तपासणीचं काम करते. नोकरीमुळे स्वभाव असा झाला की स्वभाव असा होता म्हणून नोकरी टिकली, कोण जाणे. आई म्हणते, तू भाजीवाल्याची गवारसुद्धा नापास करायच्या नजरेनं बघतेस. खोटं नाही ते. पण ही हकीकत मी स्वतः केलेल्या एका कामाची आहे, आणि ते काम मापात अगदी बरोबर होतं.

आमचं घर पंचवटीत, नदीपासून चार गल्ल्या आत. वडील दहाव्या-तेराव्याचे विधी करायचे. माणूस गेला की तेराव्याला त्याच्या नावानं पलंग, गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या असं सगळं दान देतात, गेलेल्याला पुढच्या वाटेवर काही कमी पडू नये म्हणून. शय्यादान म्हणतात त्याला. वर काय पोचतं ते मला माहीत नाही. खाली ते सगळं आमच्या घरी पोचायचं. मी ज्या छत्रीतून शाळेत गेले ती कुणाच्या तरी मरणाची होती. ताटांवर आणि तांब्यांवर अनोळखी माणसांची नावं कोरलेली असायची. जेवताना भात बाजूला सारून मी ती वाचायची. एकदा वर्गातल्या मुलीनं माझ्या डब्यावरचं नाव वाचून विचारलं, हे तुझे आजोबा का? मी हो म्हणून टाकलं. दुसरं काय सांगणार होते?

पलंगांना मात्र वडील हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही तिघंही जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचो. पलंग जायचे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आणि तिथून जुन्या फर्निचरवाल्याकडे. कॉलेजात असताना यावरून मी वडिलांशी कडाकडा भांडले होते. म्हटलं, मेलेल्याच्या ताटात जेवायला चालतं, मग पलंगानं काय घोडं मारलंय? लाकूड ते लाकूड. वडील एवढंच म्हणाले, "ताट घासता येतं." मला ते उत्तर तेव्हा अगदी फालतू वाटलं होतं.

पुढे लग्न होऊन मी पुण्याला गेले. दहा वर्षं तिथं मोटारींचे सुटे भाग तपासत होते. नवऱ्याशी पटलं नाही, वडील वारले, आणि चार वर्षांपूर्वी मुलीला घेऊन आईकडे परत आले. आले त्याच आठवड्यात नावं कोरलेली सगळी भांडी मोडीत घातली आणि नवी स्टीलची आणली. आईला बजावून ठेवलं, की माझ्या मुलीसमोर या घरात मेलेल्या माणसांचे विषय नकोत. आई गप्प राहिली. ती गप्प राहिली की तिला पटलं, असं मी आयुष्यभर समजत आले आहे.

माझी मुलगी गेल्या वर्षी चौथीत होती. जमिनीवर पालथं पडून लिहायची तिला सवय. अक्षर असं की मुंग्यांची रांग फुटल्यासारखं. बाईंनी वहीत शेरा दिला, घरी टेबल-खुर्चीवर बसून लिहिण्याची सवय लावावी. मी बाजारातून एक गुलाबी टेबल आणलं. वरून चकचकीत, आतून दाबलेला भुसा. एक दिवस त्यावर पाणी सांडलं आणि कोपरा फुलक्यासारखा फुगून आला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, असला माल मी कारखान्याच्या फाटकातून आत येऊ दिला नसता. टेबल मीच करते.

"तू?" आई म्हणाली.

"का? हात नाहीत मला?"

"हात आहेत गं. दम कुठे आहे?"

जानेवारीतल्या एका रविवारी मी गच्चीवरच्या खोलीत लाकूड शोधायला चढले. आईचे गुडघे गेलेत, ती वर येत नाही. खोलीत गंजलेल्या छत्र्यांचा ढीग होता आणि सहा पलंग होते. हल्ली खरा पलंग फारसं कुणी देत नाही. बाजारात शय्यादानासाठी म्हणून वेगळे मिळतात, दीड-दोन हात लांबीचे, बाहुली निजवता येईल एवढे. दान केल्याचं समाधान, टेम्पोचा त्रास नाही. पाच पलंग असेच होते, हलक्या लाकडाचे, किडीनं खाल्लेले. सहावा थोडा मोठा होता. साडेचार फूट लांब, अडीच फूट रुंद, अस्सल सागवान. डोक्याच्या बाजूला रुंद फळी आणि तिच्यावर लाटण्यासारख्या गोल पाच कांड्या. मला वाटलं, कुणा ऐपतदाराचं दान असणार. साध्या माणसाला दीड हात, पैसेवाल्याला साडेचार फूट. मी हसलेसुद्धा.

दुसऱ्या कुणीही तो पलंग पाहिला असता तर पहिल्या नजरेत म्हटलं असतं, हा लहान मुलाचा पलंग आहे. पण मी त्या घरात वाढले होते. आमच्याकडे लहान पलंग म्हणजे मेलेल्या मोठ्या माणसाचा पलंग. दुसरं काही असू शकतं हे माझ्या मनातच आलं नाही.

करवत, रंधा, दोन पटाश्या आणि काटकोन तपासायचा गुण्या एवढं मी भद्रकालीच्या बाजारातून विकत आणलं. सहा रविवार लागले. लोखंड सांगितलेलं ऐकतं, लाकूड ऐकत नाही. शिरा जिकडे वळल्या असतील तिकडूनच रंधा न्यावा लागतो, उलट गेलं की ढलपी उखडून येते. पहिल्या दोन रविवारी मी लाकडापेक्षा स्वतःलाच जास्त तासलं. मग हात बसला. खिळे न ठोकता, खाचा पाडून जोड बसवले. बाजूच्या लांब पट्ट्यांचे चार पाय केले, खालच्या फळ्यांचा खण, आणि त्या पाच कांड्या वह्या उभ्या ठेवायला एका कडेला बसवल्या. डोक्याकडची रुंद फळी सगळ्यात चांगली, एकही गाठ नसलेली. ती अर्थातच वरच्या बाजूला, लिहायला.

त्या फळीच्या आतल्या अंगाला, अगदी खाली, पेन्सिलीच्या रेघा होत्या. बारीक, उभ्या, ओळीनं मारलेल्या, एका ओळीखाली दुसरी. कारखान्यात नग मोजताना माणसं अशाच रेघा मारतात, मी रोज बघते. सुतारानं कसली तरी मोजदाद केली असणार, असं मी धरून चालले. शेवटच्या काही रेघा फिकट होत्या आणि तिरक्या झाल्या होत्या. सुतार दमला असेल, असं मी मनाशी म्हटलं. हे मी नंतर रचून सांगत नाही, अगदी हेच शब्द मनात आले होते. मग रंधा धरला आणि पाच-सहा हातांत फळी कोरी करून टाकली. मुलगी शेजारी बसून सालीच्या गुंडाळ्या मनगटात घालत होती, बांगड्या म्हणून. त्या फळीवर मी जितका स्वच्छ रंधा मारला तितका आयुष्यात पुन्हा मारता येणार नाही.

शेजारच्या दोघांना हाक मारून टेबल खाली आणलं. आई मटार सोलत बसली होती. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"हे कुठलं लाकूड?"

"वरचं. पडून होतं ते."

"त्या पलंगांचं?"

"त्यातला मोठा होता ना एक, त्याचं. का?"

आई उठली, टेबलाजवळ आली आणि कांड्यांवरून हात फिरवत एकदा शेवटपर्यंत गेली. "चांगलं झालंय हो," म्हणाली आणि आत निघून गेली. मला वाटलं, मेलेल्या म्हाताऱ्याचं लाकूड नातीला दिलं म्हणून रुसली असेल. रुसू दे म्हटलं. शंभर पिढ्यांची भीती एका रविवारात जात नाही.

मुलीला टेबल फार आवडलं. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिथं बसायची. अक्षर सुधारलं नाही, पण पाठ सरळ झाली. आणि आईचं काहीतरी बिनसलं. मुलगी टेबलाशी बसली की आई हातातलं काम टाकून त्याच खोलीत येऊन बसायची. दिवेलागणीला तिला तिथून उठवायचीच, मग गृहपाठ अर्धा असला तरी. पोरीनं एक शिंक दिली की कपाळाला हात. भूक आहे ना? पाय दुखत नाहीत ना? दहादा विचारायची. मी महिनाभर बघितलं आणि एक दिवस भडकले.

"काय चाललंय तुझं?"

"काही नाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय ते सांग."

"तूच म्हणालीस ना," आई शांतपणे म्हणाली, "ते विषय घरात नकोत म्हणून."

"नकोतच," मी म्हटलं. तिथं मी तोंड मिटलं असतं तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं. पण तोंड मिटणं मला जमत असतं तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

मार्चमध्ये मुलीला ताप आला. डॉक्टर म्हणाले, साथीचा आहे, तीन-चार दिवस राहील. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. आई दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती अशा आवाजात म्हणाली, "ते टेबल आधी या खोलीतून बाहेर काढ."

मग तिनं सगळं सांगितलं, तिथंच दाराला धरून.

मी पुण्यात होते तेव्हाची गोष्ट. पिंपळगावकडचं एक जोडपं टेम्पोत पलंग घालून आमच्या दाराशी आलं होतं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी गेली होती. पलंग तिचा. रोजचा, खराखुरा, तिच्या बापानं स्वतः उभं राहून सुताराकडून करून घेतलेला. तो घरात बघवत नव्हता, जाळवत नव्हता, म्हणून शय्यादान करायचं म्हणत होते. वडिलांनी सांगितलं, एवढ्या लहान पोरीचं शय्यादान नसतं, मला हे दान म्हणून घेता येणार नाही. बाई तिथंच पायरीवर बसली, उठेचना. शेवटी वडील म्हणाले, दान म्हणून नाही, ठेव म्हणून ठेवतो. पलंग तुमचाच. वाटेल तेव्हा या, बघा, न्या.

"बाप पुन्हा कधी आला नाही," आई म्हणाली. "ती येते. दर वर्षी, द्राक्षांचा हंगाम संपला की. पॅकहाउसमध्ये कामाला आहे ती. वर जाते, अर्धा तास बसते, खाली येऊन चहा घेते आणि जाते. तू कामावर असतेस तेव्हा."

"वर बसून काय करते?"

"रेघा मोजते."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण आई आता थांबणार नव्हती.

"ती पोर कितीतरी महिने अंथरुणाला होती. शाळा बुडाली की रोज एक रेघ मारायची पलंगावर. म्हणायची, बरी झाले की बाईंना बरोब्बर सांगीन, किती दिवस आले नाही ते. एकशे चौदा आहेत. तुझ्या वडिलांनी ती खोली कधी कुणाला साफ करू दिली नाही."

"आई, मग तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडले. मुलगी तापात दचकली.

"मला काय माहीत तू तोच घेशील? वर होते की पाच लहान. आणि टेबल खाली आलं तेव्हा सांगून काय जोडलं जाणार होतं?"

मी मोबाइलची बॅटरी लावून टेबलाखाली शिरले. रेघांची फळी मी उलटी घालून बसवली होती, आतलं अंग खाली. पाठीवर पडून एकेक बोटभर जागा तपासली. एखादी तरी राहिली असेल, एखादी खोल दाबलेली, तिचा नुसता खड्डा तरी. बोटानं चाचपून पाहिलं, तिरका उजेड टाकून पाहिलं. कारखान्यात केसाएवढा ओरखडा माझ्या नजरेतून सुटत नाही. फळी काचेसारखी होती. माझंच काम, बोट ठेवायला जागा नाही.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो साथीचाच होता, गल्लीतल्या निम्म्या पोरांना आला होता. हे मला कळतं. तरी त्यानंतर मी त्या घरात पूर्वीसारखी राहिले नाही, हेही खरं आहे. टेबल मी बाहेर काढलं नाही. कुठं काढणार? वर खोलीत ठेवायला गेले तर तिथं ठेवायचा तो पलंग होता, हे नव्हतं. विकणं शक्य नव्हतं, ते माझं नव्हतं. मुलगी त्यावर लिहीत राहिली. दारातून ती पाठमोरी दिसली की कधीकधी क्षणभर ती मला माझी वाटायची नाही. दोन वेण्या, नऊ वर्षांची मान, डावीकडे झुकलेली. मग मी उगाच हाक मारायची आणि ती वळून "काय?" म्हणेपर्यंत श्वास धरून राहायची. भुताला मी कधी भ्याले नाही, अजूनही भीत नाही. मला भीती होती ती एका जिवंत बाईची, जी एप्रिलमध्ये जिना चढून वर जाणार होती.

हंगाम संपत आला तशी मी रजा टाकली. आठवडाभर घरीच बसले. मंगळवारी दुपारी ती आली. माझ्याच वयाची असेल. चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ तिनं दारात सोडला. बोटांना कात्रीचे घट्टे, हातात द्राक्षांची पिशवी.

"काकू, हाय का घरात? लय ऊन हाय वो आज." मग मला बघून थबकली. "ह्या ताई तुमच्या?"

आईनं मान हलवली आणि पाणी आणायला गेली. ती सवयीनं जिन्याकडे वळली.

"वर नाही," मी म्हटलं. "खाली आहे. पण... पलंग नाही राहिला तो."

मी तिला सगळं सांगितलं. पाठ करून ठेवलं होतं, तरी मधेच वाक्यं तुटली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मी थांबले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "कुठं हाय?"

मुलीला सुट्टी लागली होती. ती टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. बाई दारात जरा थांबली. मग आत गेली. आधी कांड्यांना हात लावला, एकेकीला, आई लावते तसाच. मग म्हणाली, "डोक्याकडली फळी?"

मी वहीखाली बोट दाखवलं, आतलं अंग खाली गेलंय म्हटलं. तिनं वाकून फळीच्या खालून तळवा फिरवला. एकदा पुढे, एकदा मागे.

"रेघा?"

"मी रंधा मारला. मला वाटलं, सुतारानं मोजायला मारल्या असतील."

"सुतारानं?"

तिनं तळवा उलटा करून बघितला.

"त्याची साल निघती ना? रंधा मारल्याव? ती कुठं हाय?"

"बंबात घातली. पाणी तापवायला."

हे सांगायचं नव्हतं मला. पण खोटं बोलले असते तर तिनं कुठल्याशा कोपऱ्यात ती साल आहे असं धरून पुढची वर्षं काढली असती. ती खाली बसली, टेबलाच्या पायाशी, जमिनीवर. रडली नाही. आई पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती. 

माझ्या मुलीला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं होतं की या काकूंच्या रेघा होत्या आणि आईनं त्या पुसल्या. ती म्हणाली, "मी काढून देऊ का? किती होत्या सांगा, मी सरळ काढते." आणि पेन्सिल घेऊन ती फळीवर वाकलीसुद्धा. एक रेघ तिनं ओढायला घेतली.

मी पाऊल उचलायच्या आत बाईनं तिचं मनगट धरलं.

"नगं! तू नगं काढू बाळा. तू नाय."

पेन्सिल खाली पडली. मुलगी घाबरली. बाईनं मनगट सोडलं नाही, पण पकड सैल केली. दुसरा हात तिच्या कपाळाला लावला, मग वेण्यांखालून मानेला, मग पुन्हा कपाळाला. तो हात कितीतरी महिने हेच करत होता, हे बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गार हाय, ताई. काय नाय हिला."

मुलीच्या तापाबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून रडायला लागले. जिनं रडायचं ती कोरडी, आणि मी रडतेय. लाज वाटली, पण थांबता येईना.

"टेबल घेऊन जा," मी म्हटलं. "मी टेम्पो करून देते."

"घरात ठेवाया जमलं असतं तर हितं कशाला आणलं असतं?"

"मग मी परत पलंग करून देते. जसा होता तसा. लाकूड सगळं आहे." मी खरंच केला असता. जोड कसे सोडवायचे, पट्ट्या कुठे सांधायच्या, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. समजूत घालावी तसं म्हणाली, "ती आता एकवीस वर्साची असती, ताई. मावली नसती त्याच्यात."

तिनं चहा घेतला. आता कांद्याच्या खळ्यावर जाईन, असं आईला सांगितलं. द्राक्षांची पिशवी मुलीच्या हातात दिली. स्कार्फ गुंडाळताना आई म्हणाली, "पुढल्या वर्षी ये गं. चुकवू नकोस."

"आता काय मोजाया येऊ, काकू?" ती म्हणाली. पायरी उतरली आणि गेली.

यंदा एप्रिल आला तशी मी पुन्हा रजा घेतली. आईनं रोज दुपारी जास्तीचं दूध ठेवलं. मेलेल्यांचा विषय नको म्हणून मी घर धुऊन काढलं होतं, आणि आता दारावर जरा कुठं सावली आली की मीच आधी उठत होते. मला तिची माफी मागायची होती. त्या दिवशी मी पुष्कळ बोलले, पण माफीचा शब्द काही तोंडातून निघाला नव्हता. शिवाय तिला सांगायचं होतं, की मोजायला काही नसलं तरी यावं. ती जागा अजून तिचीच आहे. ती आली नाही.

मेमध्ये एक दिवस मी पिंपळगावला गेले. कांद्याची खळी महामार्गाला लागून आहेत. चौथ्या खळ्यावर पत्र्याच्या सावलीत तीस-चाळीस बायका कांदा निवडत बसल्या होत्या, धुळीसाठी सगळ्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली, नुसते डोळे दिसत होते. मुकादमीण उठून पुढे आली.

"कोण पायजे?"

"एक बाई आहे, चाळिशीची. हंगामात द्राक्षांवर असते. दर वर्षी पंचवटीत यायची आमच्याकडे."

"नाव?"

नाव मला माहीत नव्हतं. आई कायम 'ती' म्हणायची. वडिलांनी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण ते दान नव्हतं.

"तिची लहान मुलगी वारली होती," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."

"मुलीचं नाव काय?"

तेही मी विचारलं नव्हतं. तिच्या पलंगाचं माप मला अजून पाठ आहे, पण नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

मुकादमिणीनं पदरानं हात पुसले आणि मागे वळून बायकांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पोर गेलेल्या चौघी हायेत हितं, ताई. तुमाला कोणती पायजे?"

तीन-चार जणींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यात ती असली, तर ती काही बोलली नाही.